पाणी हीच धावपट्टी : सुरुवातीच्या प्रवासी उडत्या बोटी

सागरगोटा

१ जानेवारी १९१४. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या किनाऱ्यावर सकाळी दहाच्या सुमारास तीनेक हजार माणसं जमली होती. पाण्यात एक लाकडी होडी, तिच्यावर एकाखाली एक असे दोन कापडी पंख आणि बसायला फक्त एक बाक. बाकावर वैमानिक टोनी जॅनस. त्याच्या खांद्याला खांदा लावून गावचे माजी महापौर अब्राम फील. पहिल्या फेरीच्या तिकिटाचा लिलाव झाला होता आणि फीलसाहेबांनी ते ४०० डॉलर मोजून घेतलं होतं. होडी पाणी कापत निघाली, उठली आणि लाटांच्या जरा वरून उडत २३ मिनिटांत समोरच्या टँपाला पोचली. तेव्हा हाच प्रवास आगबोटीनं दोन तासांचा होता. रेल्वेनं खाडीला वळसा घालून जायचं तर चारपासून बारा तासांपर्यंत कितीही वेळ लागे.

वेळापत्रक ठरवून, तिकीट विकून, पंखांच्या विमानानं माणसं नेण्याची जगातली ही पहिली नियमित सेवा. आणि ते विमान जमिनीवरून उडणारं नव्हतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या फेरीपासून तिकीट ५ डॉलर. सामानासकट माणसाचं वजन २०० पौंडांपर्यंत चालायचं, त्यावर जादा आकार. गावानं कंपनीला पहिल्या महिन्यात रोज ४० डॉलर आणि पुढचे दोन महिने रोज २५ डॉलर अशी मदत कबूल केली होती. चार महिन्यांत १२०५ प्रवासी गेले. थंडीतले पाहुणे घरी परतले, मोसम संपला आणि सेवाही थांबली.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला गेलेल्या माणसाला यातली अक्कल लगेच कळेल. पाणी आडवं आलं की रस्ता लांबतो. पण त्याच पाण्यावरून उडायचं आणि त्याच पाण्यावर उतरायचं ठरवलं, तर ना शेत विकत घ्यावं लागतं ना मैदान सपाट करावं लागतं. त्या काळी विमानतळ म्हणजे गुरं हाकलून मोकळं केलेलं कुरण. इंजिनं अशक्त, त्यामुळे जड विमानाला उठायला भरपूर लांब पळावं लागे. इतकी लांब आणि इतकी सपाट जागा जगात फुकट कुठे मिळणार? खाडीत, तळ्यात, नदीत.

पुढे इंग्लंडहून हिंदुस्थानची हवाई वाट निघाली तीही अशीच. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची पहिली फेरी लंडनच्या क्रॉयडनहून सुटली. बाझेलपर्यंत विमान, बाझेल ते जिनोआ रेल्वे, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत शॉर्ट कंपनीची ‘कलकत्ता’ जातीची उडती बोट आणि तिथून वाळवंटावरून पुन्हा जमिनीवरचं विमान, थेट कराचीपर्यंत. सारा प्रवास सात दिवसांचा, भाडं १३० पौंड. ‘कलकत्ता’च्या पोटात पंधरा प्रवासी बसत आणि वैमानिक मात्र उघड्यावर, वाऱ्यात.

कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी तिथून टपालाची पोती पस मॉथ विमानात घातली आणि अहमदाबादमार्गे जुहूला आणली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ते विलायती टपाल कराचीला पोचण्याआधी भूमध्य समुद्र उडत्या बोटीनं ओलांडून आलेलं होतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. आणि जुहूची ती जागा कशी? पावसाळ्यात समुद्र आत येऊन भरायची. म्हणून टाटांचं सगळं बिऱ्हाड, दोन विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक धरून, पावसाळ्यापुरतं पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानात जायचं. जमिनीचे विमानतळ किती कच्चे होते ते यावरून समजतं.

या बोटींचा विषय निघाला की लोक चांदीचे काटेचमचे आणि उंची शराब यांच्याच गोष्टी सांगतात. ते होतंच. पण मला वाटतं, या बोटींचा खरा प्रवासी म्हणजे पत्र. १९३४ मध्ये ब्रिटिश सरकारनं ठरवलं की साम्राज्यात कुठेही जाणारं पत्र जादा आकार न घेता विमानानं न्यायचं, अर्ध्या औंसाला दीड पेनी. एवढं टपाल उचलायला ताफा हवा होता. म्हणून शॉर्टला ‘एम्पायर’ बोटींची मागणी दिली गेली. तीही नमुन्याचं विमान उडवून न बघता, नुसत्या आराखड्यावर, एकदम २८ नगांची. पहिली ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये उडाली. चार इंजिनं, दोन मजले. वरच्या मजल्यावर चालक आणि टपालाची पोती, खाली २४ प्रवासी. पुढे पत्रं इतकी वाढली की प्रवाशांच्या जागा १७ वर आणल्या. यापेक्षा स्पष्ट पुरावा काय द्यायचा?

कुणाकडे या विषयातलं काही वाचलेलं, पाहिलेलं, घरात जपलेलं असेल तर जरूर लिहा.

सायली_मु

सुंदर लिहिलंय! एक प्राथमिक शंका. गिरगाव चौपाटीवर डिसेंबर २०१७ मध्ये एक छोटं विमान पाण्यावर उतरवून दाखवलं होतं, ते पाहायला मी मुलाला घेऊन गेले होते. ती उडती बोटच का?

सागरगोटा

नाही सायलीताई. तुम्ही पाहिलंत ते साधं विमानच, चाकांऐवजी त्याला खाली दोन लांबट तराफे लावलेले. त्याचं अंग पाण्याला लागत नाही. उडत्या बोटीत अंगच होडीचं असतं, ती पोटावर बसते. पंखांच्या टोकांजवळ छोटे तरंगते असतात ते फक्त कलंडू नये म्हणून. जड विमानाला तराफे परवडत नाहीत, म्हणून मोठी प्रवासी विमानं बोटीच्याच आकाराची झाली.

ढोलकाठी

चाळीस वर्षं लाँचवर काढली, त्यातली बरीच इंजिनाशी. विमानात मी आयुष्यात तीनदा बसलो असेन, पण पाण्याचं थोडं कळतं म्हणून लिहितो.

होडी पाण्यावरून उठणं सोपं नाही. पाणी धरून ठेवतं. ताटलीचा तळ ओल्या ओट्यावर चिकटतो तसा गुळगुळीत गोल तळ पाण्याला चिकटतो, आणि वेग वाढवाल तसा आणखी खाली ओढला जातो. सुरुवातीच्या लोकांची विमानं पाण्यावर पळायची जोरात, पण सुटायची नाहीत. अमेरिकेत ग्लेन कर्टिसनं १९१२ मध्ये तळाला मधोमध एक आडवी पायरी दिली. म्हणजे पुढचा तळ जिथे संपतो तिथे मागचा तळ काही इंच वर उचललेला. पाणी त्या कडेपर्यंत येतं आणि तिथे तुटतं, पायरीमागे हवा शिरते. मग बोट पुढच्या अर्ध्यावर घसरत पळते, शेपूट मोकळं होतं, नाक वर करता येतं आणि ती सुटते. स्पीडबोट आधी नाक वर करून पाणी फेकते आणि मग एकदम हलकी होऊन पाण्यावर चढते ना, तोच क्षण. त्या एका पायरीशिवाय तुमचे १२०५ प्रवासी टँपाला पोचले नसते.

दुसरी गोष्ट, जी जमिनीवरच्या माणसाला उलटी वाटेल. लाटांपेक्षा अगदी निवांत पाण्याची भीती जास्त. सकाळी खाडी तेल ओतल्यासारखी पडलेली असते तेव्हा पाणी कुठे सुरू होतं ते नजरेला कळतच नाही. आम्हाला होडीतून कळत नाही, तर वरून येणाऱ्याला काय कळणार? वैमानिक वीस फूट वर असताना त्याला वाटतं टेकलोच, किंवा उलट. म्हणून उतरण्याच्या जागी आधी लाँच पळवून पाण्याला सुरकुत्या पाडत. तीच लाँच तरंगते ओंडके, काठ्या, जाळी बाजूला करायची. रात्री दिवे लावलेल्या होड्या रांगेत उभ्या करून वाट दाखवायची.

आणि ब्रेक नाहीत हे लक्षात घ्या. पाण्यावर उतरल्यावर वारा नेईल तिकडे शेपूट फिरतं. बाजूनं कापडी पिशव्या पाण्यात सोडून वेग मोडायचा, मग पुढच्या दारातून एकानं आकड्यानं बोया पकडायचा. धक्क्याला लाँच लावताना माझा हात कधी चुकला तर रबराचे टायर होते. यांच्या बोटीचा पत्रा पातळ, आणि आत माणसं.

सागरगोटा

ढोलकाठी काका, हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. पायरीबद्दल वाचलं होतं, पण ताटलीच्या उदाहरणानं ती डोळ्यांसमोर आली.

डाकवाला

टपालाचा उल्लेख आला म्हणून कपाटातून एक पाकीट काढून समोर ठेवलंय. १९३८ सालचं, मुंबईहून इंग्लंडला गेलेलं. फिकट निळा, इतका पातळ कागद की आतल्या शाईचा उलटा ठसा बाहेरून दिसतो. डाव्या कोपऱ्यात हवाई डाकेची निळी चिठ्ठी. उजवीकडे एकच तिकीट, अडीच आण्यांचं.

जादा आकार न घेता विमानानं पत्र न्यायची ती साम्राज्याची योजना फेब्रुवारी १९३८ मध्ये हिंदुस्थानला लागू झाली. अर्ध्या औंसाला अडीच आणे दिले की पत्र विमानानं विलायतेला. आता ते तिकीट पाहा. सहाव्या जॉर्जच्या काळात १९३७ मध्ये निघालेल्या तिकिटांवर राजाच्या चेहऱ्याशेजारी टपालाची वाहनं होती. दोन आण्यांवर डाकेचा हरकारा, तीन आण्यांवर टांगा, साडेतीन आण्यांवर उंट, चारांवर मेल गाडी, सहांवर आगबोट, आठांवर लॉरी, बारा आण्यांवर विमान. आणि अडीच आण्यांवर बैलगाडी.

म्हणजे चार इंजिनांच्या बोटीच्या वरच्या मजल्यावर बसून समुद्र ओलांडणाऱ्या त्या पाकिटावर बैलगाडीचं चित्र आहे. मी हे पाकीट कितीदा हातात घेतलं असेल, प्रत्येक वेळी थोडा वेळ तसाच बसून राहतो. मुंबईहून ते आधी टाटांच्या विमानानं कराचीला गेलं असणार, कारण त्या योजनेत कराची–मुंबई–मद्रास–कोलंबो हा टप्पा टाटांकडे होता. कराचीत बोटीत चढलं. पुढे इराणच्या आखातातून, इराकमधल्या हब्बानिया तळ्यावरून, भूमध्य समुद्रावरून साउदॅम्प्टन.

पत्र एका शिकायला गेलेल्या मुलाला त्याच्या आईनं लिहिलंय. नावगाव सांगत नाही. पण पहिलं वाक्य असं आहे की तुझं पत्र आठवड्यात मिळालं म्हणून हे लगेच लिहायला बसले. आगबोटीच्या टपालाला जाऊन उत्तर यायला महिना-सव्वा महिना लागायचा. त्या बाईच्या आयुष्यात उडत्या बोटीनं काय केलं ते त्या एका ओळीत आहे.

सायली_मु

डाकवाला, अंगावर काटा आला.

अभियंता७२

धागा आवडला, पण दुसरी बाजूही नोंदवतो. उडती बोट म्हणजे दोन कामांची तडजोड. पाण्यासाठी तळ खोल आणि रुंद हवा, हवेसाठी अंग निमुळतं हवं. पायरी पाण्यात उपयोगी, हवेत तीच अडथळा. त्यात खारं पाणी ॲल्युमिनियमला खातं. दर खेपेला गोड्या पाण्यानं धुवायचं, दुरुस्तीसाठी चाकांच्या गाड्यावर चढवून किनाऱ्यावर ओढायचं.

आणि ‘इंजिन बंद पडलं तर पाण्यावर उतरू’ हा जो दिलासा प्रवाशांना दिला जायचा, तो खाडीत खरा असेल, समुद्रात नाही. इंपीरियलची ‘सिटी ऑफ रोम’ ऑक्टोबर १९२९ मध्ये वादळात इटलीच्या स्पेत्सियाजवळ समुद्रावर उतरली. उतरली व्यवस्थित. मग दोर लावून ओढत नेताना रात्री बुडाली, सातही जण गेले. ‘कॅव्हेलियर’ ही एम्पायर बोट २१ जानेवारी १९३९ रोजी न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाताना कार्बुरेटरमध्ये बर्फ धरून इंजिनं मंदावल्यानं अटलांटिकमध्ये उतरली आणि तळ फुटून बुडाली. तेरांपैकी दहा जण सुमारे दहा तास पाण्यात एकमेकांना धरून राहिले म्हणून वाचले. त्याआधी ‘कॅप्रिकॉर्नस’, ‘कोर्टियर’, ‘सिग्नस’ एकाच वर्षात, १९३७ मध्ये गेल्या होत्या. विमानविद्येच्या इतिहासात त्यांचं स्थान मला एका बंद गल्लीसारखं वाटतं. जमिनीवरची विमानं सुधारली आणि बोटी संपल्या.

सागरगोटा

अभियंता, अपघातांबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मूळ लेखात ते यायला हवं होतं. पाण्यावर उतरता येतं म्हणजे पाण्यावर राहता येतं असं नाही, हे मी विसरलो.

बंद गल्ली मात्र मान्य नाही. गल्ली बंद झाली ती आणखी चांगली बोट न जमल्यानं नव्हे, तर युद्धानं जगभर काँक्रीट ओतल्यानं. १९३९ ते १९४५ मध्ये बाँबर विमानांसाठी बेटाबेटांवर, वाळवंटात, भातशेतांत लांब धावपट्ट्या झाल्या. त्या बांधायचा खर्च कुठल्याही विमान कंपनीला झेपला नसता. युद्ध संपल्यावर त्या आयत्या मिळाल्या. मग खोल तळ वागवायचं कारणच उरलं नाही. ब्रिटनच्या बीओएसी या विमान कंपनीनं नोव्हेंबर १९५० मध्ये बोटी बंद केल्या.

पण त्याआधी हजारो मैलांच्या वाटेवर दर काही तासांनी इंधन, हवामानाचा निरोप, बिनतारी यंत्र, मेकॅनिक आणि झोपायची सोय असली पाहिजे, ही सगळी घडी कुणी बसवली? एम्पायर बोट एका दमात साडेसातशे मैल जायची. म्हणजे साउदॅम्प्टन ते सिडनी दहाएक दिवसांत जाताना वाटेत कितीतरी ठाणी. क्रीट बेटाजवळ मिराबेलाच्या उपसागरात कंपनीनं ‘इंपीरिया’ नावाचं जहाजच ठाणं म्हणून नांगरून ठेवलं होतं. दुबईच्या खाडीत उतरण्यासाठी १९३७ मध्ये करार झाला, महिना ४४० रुपये भाडं, पहारेकऱ्यांचा पगार धरून. रुपये अशासाठी की आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा. आज जिथून मराठी माणसं ये-जा करतात त्या दुबईच्या हवाई वाहतुकीची सुरुवात खाडीतल्या पाण्यावर झाली.

आता ‘कॉर्सेर’ची गोष्ट सांगतो, ती दोन्ही बाजूंनी बोलते. १४ मार्च १९३९ रोजी ही बोट आफ्रिकेतून उत्तरेला चालली होती. व्हिक्टोरिया सरोवराकाठून निघून तेव्हाच्या सुदानमधल्या जुबाला पोचायचं होतं. दिशा दाखवणारं बिनतारी यंत्र बिघडलेलं, जुबा सापडेना, इंधन संपत आलं. कप्तान अल्कॉक. १९१९ मध्ये न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या जॉन अल्कॉकचा हा भाऊ. त्याला बेल्जियन काँगोच्या जंगलात एक चिंचोळी नदी दिसली, डुंगू तिचं नाव. त्यानं बोट तिच्यात उतरवली. पाण्याखालच्या खडकानं तळ फाडला, तशीच ती काठाच्या चिखलात घातली. सगळे वाचले.

नवं विमान हवं तर सहज मिळणार नव्हतं, म्हणून इंग्लंडहून कारागीर आले. त्यांनी चिखलात उभं राहून तळाला पत्रे ठोकले. जुलैमध्ये उडवायला गेले तर पुन्हा खडक, पुन्हा भोक. तोवर युद्ध जवळ आलं, नदीचं पाणी ओसरलं. मग स्थानिक माणसांच्या हातांनी नदीवर बांध घातला, पाणी तुंबवलं आणि बोटीसाठी तळं तयार केलं. ६ जानेवारी १९४० रोजी ‘कॉर्सेर’ त्यावरून उडाली. दहा महिने लागले. जमिनीवरचं विमान त्या जंगलात पडलं असतं तर माणसं वाचली नसती. आणि ते पुन्हा उडवायला धावपट्टी बांधावी लागली असती. इथे पाणी अडवून काम झालं.

अभियंता७२

ठाण्यांचा मुद्दा पटला. यंत्र म्हणून बोट मागे पडली, पण तिनं घातलेली वाट राहिली, असं म्हणू. कॉर्सेरची गोष्ट माहीत नव्हती, धन्यवाद.

लष्करवासी

आमचं ग्वाल्हेर राहिलंच की! कराचीहून निघालेली बोट कलकत्त्याला जाताना तीन ठिकाणी पाण्यावर उतरायची: मेवाडातलं राजसमंद तळं, मग ग्वाल्हेर, मग अलाहाबादला यमुना. कलकत्त्यात हुगळी. पुढे अक्याब, रंगून, बँकॉक, पेनांग, सिंगापूर.

समुद्रापासून शेकडो मैल आत, शिंद्यांच्या राज्यातल्या तळ्यात विलायतेची उडती बोट उतरते हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी वाड्यात आजोबा सांगायचे की आधी गुरगुर ऐकू यायची आणि मग बायका गच्चीवर धावायच्या. त्यांनी ती पाण्यावर टेकताना एकदाच पाहिली. दोन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती उठल्या आणि त्यातून बदकासारखी शांत बाहेर आली, हे त्यांचे शब्द.

राजसमंदला मी मुद्दाम गेलो होतो. महाराणा राजसिंहानं सतराव्या शतकात दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे तळं बांधलं. संगमरवरी घाट, त्यावरची नक्षीदार मंडपं आणि २५ शिळांवर कोरलेलं राजप्रशस्ती हे संस्कृत काव्य. त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी पाण्याकडे बघत होतो. दुष्काळातल्या मजुरांनी डोक्यावरून माती वाहून अडवलेलं पाणी अडीचशे वर्षांनी टपालाच्या विमानाला धावपट्टी म्हणून मिळालं. घाटावर प्रशस्तीचे शिलालेख आहेत, पण बोटींबद्दल एक पाटीही मला दिसली नाही. असायला हवी.

सागरगोटा

लष्करवासी, दुष्काळी कामाचं तळं! हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

पाचवा_प्रहर

पॅन अ‍ॅमचं (ही अमेरिकेची विमान कंपनी) कुणीच काढलं नाही म्हणून थोडक्यात लिहितो. ब्रिटिशांना वाटेत ठिकठिकाणी आपली बंदरं होती. अमेरिकनांपुढे नुसता प्रशांत महासागर. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अलामेडाहून निघाली. कप्तान एडविन म्युझिक, सात जणांचा चमू, प्रवासी शून्य, लाखाच्या वर पत्रं. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम करत २९ तारखेला मनिला. उड्डाणाचे तास सुमारे साठ. सागरगोटांचा मुद्दा इथेही लागू: पहिली स्वारी पत्रांची. तिकीट काढलेले प्रवासी पुढच्या वर्षी ऑक्टोबरात गेले.

वेक बेटावर माणूस नव्हता, गोडं पाणी नव्हतं. आधी ‘नॉर्थ हेवन’ नावाचं मालवाहू जहाज सामान घेऊन गेलं. बोट उतरायची ती खाजण प्रवाळाच्या सुळक्यांनी भरलेली होती. ते सुळके एकेक करून सुरुंगानं उडवले. पाणी म्हणजे फुकट धावपट्टी हे खरं, पण कधी कधी तिचेही दगड फोडावे लागायचे.

म्युझिक जानेवारी १९३८ मध्ये पागो पागोजवळ ‘सामोअन क्लिपर’सकट गेला. त्या पिढीतले किती जण अंथरुणात वारले ते मोजायला एक हात पुरेल, असं वाटतं. टँपाचा तो टोनी जॅनसही १९१६ मध्ये काळ्या समुद्रावर गेला, रशियन वैमानिकांना शिकवताना.

आणि ‘पॅसिफिक क्लिपर’. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ही बोइंग ३१४ जातीची उडती बोट ऑकलंडच्या वाटेवर होती. परतीचा रस्ता बंद. कप्तान रॉबर्ट फोर्डला हुकूम: उलट्या दिशेनं, पश्चिमेकडून घरी या. नकाशे धड नाहीत. सुराबायाला विमानाचं पेट्रोल मिळेना, मोटारीचं भरलं. इंजिनं ठसके देत चालली. तिथून त्रिंकोमाली, कराची, बहरीन, खार्टूमला नाईल, काँगो नदीवर लिओपोल्डविल, ब्राझीलमधलं नाताल, त्रिनिदाद. ६ जानेवारी १९४२ रोजी न्यूयॉर्क. एका प्रवासी विमानानं जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तिच्या प्रत्येक मुक्कामाला विमानतळ होता तो पाण्याचा.

दक्षिणध्रुवतारा

ऑकलंडहून. इथल्या मोटॅट संग्रहालयात ‘अरानुई’ नावाची शॉर्ट सोलेंट बोट आहे. तिच्या पोटाखाली उभं राहता येतं. ढोलकाठी काका, तुमची पायरी मी हातानं चाचपून पाहिली आहे! तळाची धार माझ्या कमरेच्या वर होती आणि रिव्हेट इतके दाट की बोटांना खरखर लागते.

ही बोट टील कंपनीच्या ‘कोरल रूट’वर उडायची: ऑकलंड, फिजी, सामोआ, कुक बेटं, ताहिती. १९५१ ते १९६०. कुक बेटांतल्या आइतुताकीच्या खाजणात इंधन भरायला दोन तास लागत. तेवढ्या वेळात प्रवासी अकाइआमी नावाच्या छोट्या बेटावर उतरून पोहायचे. मग ओले केस तसेच घेऊन पुन्हा विमानात. विमानतळावरच्या रांगेत बूट काढून उभी असते तेव्हा मला हमखास ते आठवतं.

एम्पायर बोटी चाळीसच्या वर बांधल्या गेल्या, आज एकही शिल्लक नाही. बोइंग ३१४ बारा होत्या, त्यातलीही एक नाही. आयर्लंडमध्ये फॉइन्सला तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी निदान ही सोलेंट बघाच. आत जिना आहे, खऱ्या जिन्यासारखा जिना.

ढोलकाठी

दक्षिणध्रुवतारा ताई, जमलं तर एक फोटो टाका तळाचा, पायरीच्या बाजूनं. नातवाला दाखवायचाय. तो म्हणतो आजोबा काहीही सांगतात.

दक्षिणध्रुवतारा

काका, पुढच्या शनिवारी मुद्दाम जाते. शेजारी फूटपट्टी धरून काढते, म्हणजे नातवाला उंची कळेल.

सागरगोटा

डाकवाला, तुमच्या पाकिटावर कराचीचा शिक्का आहे का? कोणती बोट होती ते तारखेवरून काढता येईल का, असं मनात आलं.

डाकवाला

कराचीचा नाही, मुंबईचाच आहे. तोही तिकिटावर असा पडलाय की बैलांची शिंगं आणि तारखेचा पहिला आकडा एकमेकांत मिसळलेत. भिंगातून १ वाटतो, कधी ७ वाटतो. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी पुसट लिहिलंय, बहुधा मिळाल्याची तारीख, मुलाच्या हातची. उद्या सकाळी उजेडात गॅलरीत धरून बघतो आणि इथेच लिहितो.